टाकाऊतून टिकाऊ, तेही दुकानातून?

'उद्या टाकाऊपासून टिकाऊ वस्तू करून आणावी', अशी सूचना बालवर्गाच्या डायरीत येते आणि सायंकाळी स्टेशनरीच्या दुकानात आईस्क्रीमच्या कोऱ्या काड्या, चमचमता कागद आणि गोंदाच्या बाटल्या यांची खरेदी होते. महाल असो वा धरमपेठ, चित्र फारसे वेगळे नाही. रात्री उशिरा आई फुलदाणी पूर्ण करते, तेव्हा मूल केव्हाच झोपी गेलेले असते. वर्गात शाबासकी मात्र मुलाला मिळते. अशा प्रकल्पात टाकाऊ काहीच नसते आणि मुलाचेही काही नसते.

मूळ कल्पना याच्या नेमकी उलट होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालविल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. मोजणे, वर्गवारी, लहान-मोठे हे सारे त्यांतूनच शिकविले गेले. काटकसरीतून निघालेला हा मार्ग पुढे शिक्षणशास्त्रालाही मानवला.

खेळण्यांच्या बाबतीत हेच काम अरविंद गुप्ता यांनी केले. पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तेथे सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी आकृत्या तयार केल्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच तिरका होतो. पुलांच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, याचे उत्तर मुलाला बोटांनीच कळते. पुण्यातील 'आयुका'च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २००३ ते २०१४ या काळात त्यांनी अशी असंख्य खेळणी घडविली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोडून पाहणे हाच खेळण्याचा सर्वोत्तम उपयोग, ही त्यांच्या कामामागील दृष्टी पालकांना सहसा पचत नाही!

नागपुरातही हा विचार रुजला आहे. महापालिकेच्या शाळांतील विद्यार्थी 'अपूर्व विज्ञान मेळाव्या'त घरगुती, स्वस्त वस्तूंतून प्रयोग मांडतात आणि पाहुण्यांना ते स्वतः समजावून सांगतात. ही मुले वयाने मोठी असली, तरी तत्त्व बालवर्गालाही लागू पडते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला फुलदाणी नकोच असते. त्याला हवी असतात बाटल्यांची झाकणे: रंगांनुसार लावायला, पाच-पाचच्या ढिगांत मोजायला, एकावर एक रचून पाडायला. संत्र्याचे रिकामे खोके आज घर होते, उद्या बस. शीतपेयाच्या नळीचे एक टोक चपटे करून दोन्ही बाजूंनी तिरके कापले की पिपाणी वाजते. फुंकत असतानाच नळी कापत गेल्यास स्वर चढत जातो. कात्री अर्थातच मोठ्यांच्या हाती. पत्र्याचे धारदार डबे, जुने सेल, औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि गिळता येतील असे बारीक मणी या वयात वर्ज्यच समजावेत. थर्मोकोललाही वर्गाबाहेर ठेवलेले बरे, कारण प्रदर्शन संपताच त्याचा पुन्हा कचराच होतो आणि भांडेवाडीच्या ढिगात भर पडते.

नागपूरकरांना खरे तर हे शिकवायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, गल्लोगल्लीची पोरे झाडाच्या फांद्या, जुने कागद आणि घरातील अडगळ गोळा करून बडगे उभारतात. त्यासाठी कोणी डायरीत सूचना देत नाही, गुण देत नाही, की आईही रात्री जागत नाही.