मृत सूचिपर्णी वृक्षांवरील जांभळी छिद्री बुरशी

पश्चिम हिमालयातील थंड वनांत तोश, रई, कैल यांसारखे सूचिपर्णी वृक्ष वाऱ्याने उन्मळले किंवा उभ्यानेच वाळले, की काही काळातच त्यांच्या सालीवर पातळ, करड्या टोप्यांच्या दाट रांगा दिसू लागतात. ही बहुधा ‘ट्रायकॅप्टम ॲबिएटिनम’ असते. खोडावर बुरशी दिसली म्हणजे तिनेच झाड मारले, असे गृहीत धरले जाते. ही बुरशी मात्र मुख्यतः मृत लाकडावर जगते. तिच्या भीतीने शेजारच्या जिवंत झाडांवर बुरशीनाशक फवारणे हा निव्वळ अपव्यय होय. प्रश्न उरतो तो त्या लाकडाच्या उपयोगाचा.

टोपीच्या वरच्या बाजूवर विसंबू नये. ती 1 ते 4 सेंमी रुंद, लवदार व अस्पष्ट वलयांची असते आणि जुनी झाल्यावर शैवालामुळे हिरवी दिसते. अशा टोप्या इतर बुरशींच्याही असतात. टोपी उलटून पाहावी. ताज्या टोपीची खालची बाजू जांभळी असते. हा रंग पुढे विटून तपकिरी होतो, म्हणून वाढती कड तपासावी. छिद्रे कोनयुक्त, एका मिलिमीटरमध्ये साधारण 3 ते 5. दहापट भिंगातून ती स्पष्ट दिसतात. वयोमानाने छिद्रांच्या भिंती फाटून दाते तयार होतात आणि येथेच गोंधळ होतो, कारण ‘ट्रायकॅप्टम फुस्कोव्हायोलेसियम’ या भगिनी जातीत दाते व चपट्या पट्ट्या आरंभापासूनच असतात. रुंदपर्णी वृक्षांवरही एक जांभळी जात वाढते. तेव्हा खोड कोणत्या झाडाचे, हे आधी निश्चित करावे.

ही बुरशी श्वेत कूज घडविते. सालीलगतचे रसकाष्ठ प्रथम फिकट व मऊ होते, मग त्यात तंतूंच्या दिशेने लांबट खळगे पडतात आणि शेवटी ते मधाच्या पोळ्यासारखे पोकळ होते. आतील मध्यकाष्ठ बराच काळ शाबूत राहू शकते. त्यामुळे जाड ओंडक्याचा बाहेरील भाग काढून आतले लाकूड वापरता येईल. बारीक ओंडका मात्र बहुतांश रसकाष्ठच असल्याने तुळईस निरुपयोगी. तोश व रई यांत मध्यकाष्ठ रंगावरून वेगळे दिसत नाही, म्हणून कापलेल्या टोकावर चाकू खुपसून पाहणे हाच मार्ग.

त्याच खोडावर काठाशी नारिंगी-तांबडा पट्टा असलेली जाड, खुरासारखी ‘फोमिटॉप्सिस’ आढळल्यास निर्णय वेगळा घ्यावा लागतो. ती तपकिरी कूज घडविते; लाकूड चौकोनी भेगा पडून भुगा होते, आणि त्याची ताकद या खुणा दिसण्यापूर्वीच घटलेली असते. असा ओंडका बांधकामास घेऊ नये. तिचे कवच काडीच्या ज्योतीने राळेसारखे वितळते. ही परीक्षा अर्थातच घरी आणलेल्या तुकड्यावर करावी, वाळल्या वनात नव्हे.

नमुना तपासणीस पाठविताना टोपी सालीसह काढून सावलीत वाळवावी व कागदी पाकिटात ठेवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कुजते. जांभळा रंग वाळताना फिका पडतो, म्हणून ताज्या कडेचे छायाचित्र व वृक्षाचे नाव सोबत द्यावे.