जोडीदाराविना टिकणारे इलेक्ट्रॉन

द्रवरूप ऑक्सिजन एखाद्या शक्तिशाली चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला, तर त्यातला काही भाग खाली न सांडता ध्रुवांना चिकटून राहतो. द्रवरूप नायट्रोजन मात्र सरळ वाहून जातो. हवेतल्या या दोन प्रमुख वायूंच्या वर्तनात एवढा फरक का? ऑक्सिजनच्या रेणूतले दोन इलेक्ट्रॉन जोडीदाराविना, एकटे असतात आणि त्यांची फिरकी, म्हणजेच ‘स्पिन’, एकाच दिशेची असते. त्यामुळे प्रत्येक रेणू हा एक चिमुकला चुंबक ठरतो. दोन एकटे इलेक्ट्रॉन बाळगणाऱ्या अशा रेणूला ‘द्विमूलक’ म्हणतात.

ऑक्सिजन हे निसर्गाने दिलेले उदाहरण. कार्बनी रेणूंमध्ये अशी रचना घडवणे आणि ती टिकवणे हे रसायनशास्त्रज्ञांपुढचे शतकभराचे आव्हान आहे. सेंद्रिय रेणूतले इलेक्ट्रॉन विरुद्ध फिरकीच्या जोड्या करून राहतात. जोडी फुटली की एकटा इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूवर झडप घालतो. सौंदर्यप्रसाधनांच्या आणि आरोग्यपेयांच्या जाहिरातींतून परिचित झालेले ‘फ्री रॅडिकल्स’, म्हणजे मुक्त मूलके, ती हीच. जिथे एक मूलक टिकवणे कठीण, तिथे एकाच रेणूत दोन टिकवणे अधिकच कठीण.

शंभर वर्षांपूर्वीची पायाभरणी

या संशोधनाचा आरंभ १९०० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झाला. मोझेस गोम्बर्ग हे सहा बेंझिन-कडी असलेला एक हायड्रोकार्बन तयार करू पाहत होते. प्रत्यक्षात हाती आला तो हवेतील ऑक्सिजनशी तत्काळ संयोग पावणारा पदार्थ. त्याचे द्रावण पिवळे होते. कार्बनच्या चार हातांपैकी एक मोकळा असल्याचा, म्हणजेच मुक्त मूलक हाती लागल्याचा निष्कर्ष गोम्बर्ग यांनी काढला. हे क्षेत्र आपल्यासाठी राखून ठेवावे, अशी इच्छाही त्यांनी शोधनिबंधाच्या अखेरीस नोंदवली. ती अर्थातच पूर्ण झाली नाही.

योहान्स थीले यांनी १९०४ मध्ये अशी दोन कार्बन-केंद्रे एका बेंझिन-कडीने जोडली. रशियातील अलेक्सेई चिचिबाबिन यांनी १९०७ मध्ये मधल्या कड्या दोन केल्या. विल्हेल्म श्लेंक यांनी १९१५ मध्ये दोन केंद्रे कडीवर समोरासमोर न ठेवता एकाआड एक अशा जागी जोडली. हे तीन रेणू दिसायला भावंडे. पण त्यांचे स्वभाव भिन्न निघाले.

सिंगलेट की ट्रिपलेट?

दोन इलेक्ट्रॉनांची फिरकी परस्परविरुद्ध असेल, तर त्यांचे चुंबकत्व एकमेकांना छेदते. ही ‘सिंगलेट’ अवस्था. फिरकी एकाच दिशेची असेल, तर चुंबकत्व उरते. ही ‘ट्रिपलेट’ अवस्था. यांपैकी जी सर्वांत कमी ऊर्जेची, ती त्या रेणूची मूळ अवस्था. हा भेद केवळ पुस्तकी नाही. हवेतला ऑक्सिजन मूळ अवस्थेत ट्रिपलेट असतो, तर लाकूड, कागद किंवा आपल्या शरीरातले बहुतेक रेणू सिंगलेट असतात. फिरकीच्या या विजोडपणामुळे त्यांचा थेट संयोग मंदावतो. काडी लावल्याशिवाय लाकूड पेटत नाही, यामागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

थीले यांच्या रेणूत दोन एकटे इलेक्ट्रॉन मधल्या कडीमार्फत जोडी जमवतात. त्यासाठी त्या कडीला बेंझिनचे खास स्थैर्य गमवावे लागते. चिचिबाबिन यांच्या रेणूत ही किंमत दोन कड्यांना मोजावी लागते. परिणामी जोडी सैल होते आणि द्विमूलकी गुण वाढतो. हा रेणू नेमका कोणत्या वर्गातला, यावर अनेक दशके वाद झाला. त्याच्या स्फटिकाची क्ष-किरणांनी उलगडलेली रचना १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तो सिंगलेटच आहे, पण त्याचा द्विमूलकी गुण लक्षणीय आहे, असे आज मानले जाते. श्लेंक यांच्या रेणूत तर दुहेरी बंधांची कोणतीही मांडणी केली, तरी दोन्ही इलेक्ट्रॉनांची जोडी जमत नाही. त्याची मूळ अवस्था म्हणूनच ट्रिपलेट आहे.

मूळ अवस्था हवी तशी वळवण्याच्या युक्त्या यातूनच मिळतात. मधला पूल लांब करणे, जोडणीची जागा बदलणे, कड्यांना पीळ देणे किंवा कार्बनच्या जागी नायट्रोजनसारखा अणू बसवणे, या त्यांतल्या प्रमुख. दोन अवस्थांमधील ऊर्जेचे अंतर पुरेसे कमी केले, तर थंडीत चुंबकत्व नसलेला पदार्थ खोलीच्या तापमानालाही चुंबकीय गुण दाखवू लागतो.

टिकाऊपणासाठी वेगळा उपाय योजला जातो. बार्सिलोना येथील मानुएल बायेस्तेर यांनी एकट्या इलेक्ट्रॉनाभोवती क्लोरिन अणूंचे कडे उभारून हवेतही टिकणारी मूलके घडवली. नेब्रास्का विद्यापीठातील आंद्रेई रायत्सा यांच्या गटाने २०१६ मध्ये दीडशे अंश सेल्सियसच्या तापमानालाही न विघटणारा ट्रिपलेट द्विमूलक सादर केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातही हे काम चालते. तेथील अनुकूल जाना व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये थीले आणि चिचिबाबिन यांच्या हायड्रोकार्बनांची नायट्रोजनयुक्त रूपे प्रसिद्ध केली.

उपयोग किती, अपेक्षा किती?

सर्वाधिक चर्चा आहे ती सौरऊर्जेची. साध्या सौरघटाची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे ३३ टक्क्यांपलीकडे जात नाही. काही रेणू मात्र प्रकाशाच्या एका कणातून दोन ट्रिपलेट उत्तेजित अवस्था निर्माण करतात. ही ‘सिंगलेट फिशन’ प्रक्रिया साधली, तर ही मर्यादा ४५ टक्क्यांच्या आसपास नेता येईल. त्यासाठी ट्रिपलेटची ऊर्जा सिंगलेट उत्तेजित अवस्थेच्या निम्म्याहून अधिक असून चालत नाही. थोडा द्विमूलकी गुण येथे उपकारक ठरतो; तो फार वाढला, तर ट्रिपलेटची ऊर्जा इतकी घसरते की तिच्यातून उपयुक्त वीज मिळत नाही. मूळ अवस्थेवर नियंत्रण हवे ते यासाठी.

‘प्लॅस्टिकचे चुंबक’ मात्र अद्याप दूर आहेत. एकेक रेणू चुंबकीय असणे पुरेसे नाही. अब्जावधी रेणूंनी एका दिशेला तोंड करून राहिले पाहिजे. जपानी शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये निव्वळ सेंद्रिय पदार्थात लोहचुंबकत्व दाखवले खरे, पण ते उणे २७२.५ अंश सेल्सियसच्या आसपासच्या थंडीत. रेणूच्या आत दोन इलेक्ट्रॉनांना शिस्त लावणे आता साधू लागले आहे. शेजारच्या रेणूंनाही तीच शिस्त लावणे, हे पुढचे काम आहे.