दोन ठोक्यांमधला फरक

ड्रमच्या इतिहासात १९८० हे साल फार गजबजलेलं आहे. अमेरिकेत रॉजर लिन यांनी एलएम-१ हे यंत्र आणलं. खऱ्या ड्रमचा मुद्रित आवाज चिपमध्ये साठवून तो बटणावर वाजवणारं, बाजारात विकायला आलेलं ते पहिलं ड्रम मशीन. त्याच वर्षी जपानच्या रोलँडने टीआर-८०८ काढलं. त्यात खरा ड्रम औषधालाही नव्हता, सगळे आवाज सर्किटमधून घडवलेले होते. आणि त्याच वर्षी स्टीली डॅन या बँडचा ‘गाउचो’ हा अल्बम आला. त्यासाठी ध्वनिमुद्रक रॉजर निकल्स यांनी स्वतः बांधलेला ‘वेंडेल’ नावाचा संगणक वापरला होता. ड्रमरचे आघात साठवून ते हव्या त्या जागी बिनचूक बसवणं हे त्याचं काम. आज लॅपटॉपसाठी ड्रमचं सॉफ्टवेअर शोधणाऱ्याला खऱ्या ड्रमचा आवाज हवा असेल, ड्रमपेक्षा निराळाच काही आवाज हवा असेल, किंवा आधीच वाजवलेला ड्रम दुरुस्त करायचा असेल. या तिन्ही गरजांची मुळं त्या एका वर्षात सापडतात.

८०८ची वाट वेगळी होती. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवणारी ध्वनिमुद्रिका केली, तिच्यात हेच यंत्र होतं, आणि तिथे कुणाला खऱ्या ड्रमची आठवणही होत नाही. ८०८ कधी खरेपणाच्या स्पर्धेत उतरलंच नाही, म्हणून ते आजही टिकून आहे. हिपहॉप किंवा इलेक्ट्रॉनिक गाणं करणाऱ्याने शेकडो जीबीची ड्रम लायब्ररी घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

मला ओढ आहे ती पहिल्या, खऱ्या ड्रमच्या आवाजाच्या वाटेची. एलएम-१ची किंमत जवळपास ५,००० डॉलर होती, आवाज ८ बिटचे होते, आणि एवढं मोजूनही त्यात क्रॅश आणि राइड हे सिम्बल नव्हतेच. कारण साधं होतं. सिम्बलचा नाद लांबतो, लांब नादाला मेमरी जास्त लागते, आणि मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाने मिळत होती. दोन वर्षांनी लिनड्रम आलं तेव्हा सिम्बल आले. पण एलएम-१च्या हाय-हॅटमध्ये एक खुबी आहे. तिचा आवाज आत सतत फिरत राहतो आणि बटण दाबलं की त्याची फक्त खिडकी उघडते. त्यामुळे प्रत्येक ठोका त्या फिरत्या आवाजाच्या वेगळ्या जागेवर पडतो, आणि सलग आठ ठोके ऐकले तर आठही जरा जरा निराळे लागतात. प्रिन्सच्या त्या काळातल्या गाण्यांतली हाय-हॅट म्हणूनच अजून जिवंत वाटते. सुरुवातीच्या त्या तोकड्या यंत्रात खरेपणाचं एक वर्म सापडलं होतं, आणि ते सगळ्यांच्या नीट लक्षात यायला पुढे वीसेक वर्षं गेली.

कारण खरा ड्रमर कधीच एकसारखे दोन ठोके मारत नाही. काठी कातड्यावर दरवेळी वेगळ्या जागी पडते, कोन बदलतो, आधीच्या ठोक्याची थरथर अजून शिल्लक असते. एकच सॅम्पल, म्हणजे साठवलेला मुद्रित ठोका, झपाझप वाजवलं की मशीनगनसारखा तडतडाट होतो, तो कानाला लगेच कळतो. संगीताचं शिक्षण नसलेल्या माणसालाही कळतो, फक्त काय खटकतंय ते त्याला सांगता येत नाही.

१९८३ मध्ये मिडी ही वाद्ययंत्रांची एकमेकांशी बोलायची भाषा आली आणि ठोक्याचा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत मोजला जाऊ लागला. १९८५ मध्ये रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड आला. महाराष्ट्राशी या वाद्याचं नातं मी सांगायला नको. ऑर्केस्ट्रा असो की बेंजो पार्टी, आठ चौकोनांवर दोन काठ्या नाचवणारा वादक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. तो फक्त हाताचा जोर आकड्यांत करून दुसऱ्या यंत्राकडे पाठवायचा. हात आला, जोर आला, पण पलीकडे वाजणारं सॅम्पल तेच राहिलं. जोर कमी केला की तेच सॅम्पल हळू आवाजात वाजायचं.

इथे स्नेअर जवळून ऐकायला हवा. जोरात मारलेल्या स्नेअरचा आवाज नुसता लहान केला तर तो हलका ठोका होत नाही, तो दूरच्या खोलीतला जोरकस ठोका होतो. खरोखर हलक्या हाताने मारलेल्या स्नेअरचा पोत वेगळा असतो. कातडं कमी बोलतं, खालच्या तारांची सळसळ जास्त ऐकू येते, आवाज काहीसा गडद लागतो. दोन ठळक ठोक्यांच्या मधे ड्रमर जे अस्फुट ठोके पेरत जातो, ज्यांना घोस्ट नोट म्हणतात, ते सगळे याच पोतात असतात. ठेक्याला डौल तिथून येतो. म्हणजे एका स्नेअरसाठी जोराच्या दहा-पंधरा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर चार-सहा वेगवेगळे ठोके, मध्यभागी मारलेला, काठावर मारलेला, रिमशॉट, आडव्या काठीचा, हे सगळं वेगवेगळं मुद्रित करावं लागतं.

आणि ठेवायचं कुठे? १९८८चा अकाई एस१००० हा स्टुडिओंचा लाडका सॅम्पलर २ एमबी मेमरीसह यायचा. १६ बिट स्टिरिओत हिशोब केला तर सुमारे बारा सेकंद. एक क्रॅश पूर्ण विरेपर्यंत थांबलं की संपलं.

ही कोंडी १९९८ मध्ये नेमसिस या अमेरिकन कंपनीच्या गिगासॅम्पलरने फोडली. प्रत्येक आवाजाचा फक्त आरंभ रॅममध्ये ठेवायचा, ठोका पडला की तेवढा लगेच वाजवायचा, आणि तो वाजत असताना उरलेला भाग हार्ड डिस्कवरून ओढून आणायचा. युक्ती एवढीच, पण तिने रॅमची भिंत पाडली. पुढच्या वर्षी स्टाइनबर्गने आपल्या क्यूबेस या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्येच वाद्यं बसवायची सोय केली आणि सगळा कारभार संगणकात आला.

मग २००३ मध्ये ब्रिटनच्या एफएक्सपान्शनचं बीएफडी हे ड्रमचं सॉफ्टवेअर आलं, आणि स्वीडनमधल्या उमिओच्या टूनट्रॅकने आपल्या ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ या ड्रम लायब्ररीचं काम वाढवत नेलं. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं खरं वळण हेच. तोपर्यंत प्रत्येक वाद्य वेगळं, स्वच्छ, कोरडं मुद्रित करायची रीत होती. या मंडळींनी पूर्ण किट एका खोलीत मांडली आणि एकेका ठोक्याला सगळे माइक चालू ठेवले. किक मारली की ती किकच्या माइकमध्ये येतेच, पण वरच्या ओव्हरहेडमध्येही येते, खोलीच्या कोपऱ्यातल्या माइकमध्येही येते, आणि तिच्या धक्क्याने स्नेअरच्या तारा झणझणतात तेही येतं. पूर्वीचे ध्वनिमुद्रक जी गळती निपटून काढायला धडपडायचे, ती आता मुद्दाम जपून ठेवली जाऊ लागली. किट हे एकच वाद्य आहे, हे सॉफ्टवेअरला तेव्हा उमगलं.

त्याचा दाखला लवकरच मिळाला. मेशुगा हा स्वीडिश मेटल बँड तालाच्या गुंतागुंतीसाठी प्रसिद्ध. त्यांचा ड्रमर टोमास हाके अवघड वाजवणाऱ्यांमध्ये गणला जातो. २००५च्या ‘कॅच थर्टीथ्री’ या अल्बममध्ये त्याने प्रत्यक्ष वाजवलेलं नाही, ड्रम ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’मधून रचलेले आहेत, आणि त्या लायब्ररीतले ठोके मुळात त्याच्याच हातचे. २००८च्या ‘ओबझेन’मध्ये तो पुन्हा किटवर बसला. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात ड्रम खोटे वाटत नाहीत, कारण ते रचणाऱ्यांना ड्रमर कसा विचार करतो ते पक्कं ठाऊक होतं. हे सॉफ्टवेअर कुणीही विकत घेऊ शकतो, ती जाण मात्र त्याच्यासोबत मिळत नाही. ड्रमरला दोन हात आणि दोन पाय असतात. हाय-हॅट, स्नेअर आणि क्रॅश हे तिन्ही काठ्यांचे ठोके एकाच क्षणी लिहिले, तर कितीही महागडी लायब्ररी असली तरी कुठेतरी तिसरा हात उगवतो, आणि तो ऐकू येतो.

२००६ मध्ये टूनट्रॅकनेच ईझीड्रमर काढलं, त्याच सुमारास एक्सएलएन ऑडिओचं अ‍ॅडिक्टिव्ह ड्रम्स आलं. लायब्ररी आटोपशीर, आवाज आधीच मिक्स केल्यासारखे, सोबत ड्रमरांनी वाजवलेले तयार ठेके. जाणकारांनी तेव्हा नाकं मुरडली. मला ही दोन्ही साधनं फार मोलाची वाटतात, कारण गाणं लिहिणाऱ्याला रात्री अकरा वाजता ठेका हवा असतो, ओव्हरहेडचे माइक जुळवत बसायचं नसतं. २०१३ मध्ये अ‍ॅपलने आपल्या लॉजिक या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप ठेका वाजवणारा ‘ड्रमर’ दिला, तो गॅरेजबँडमध्येही आला, आणि मॅक बाळगणाऱ्याला वेगळं काही न घेताही बरा ठेका मिळू लागला.

दुसऱ्या टोकाला २०१७चा सुपीरियर ड्रमर ३. बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसनबर्ग यांनी मुद्रित केलेला, सुमारे २३० जीबीचा. तो स्टुडिओ निवडण्यामागे कारण होतं. गॅलेक्सीच्या खोल्या कमालीच्या शांत आहेत. खोलीची सूक्ष्म खरखर प्रत्येक सॅम्पलच्या शेपटीत उतरते, आणि दहा माइक, वीस शेपट्या एकावर एक चढल्या की ती खरखर साचत जाऊन ऐकू येऊ लागते. शांत खोली असली की सिम्बलचा नाद शेवटपर्यंत विरू देता येतो.

म्हणून कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं असं कुणी विचारलं की मी जीबी विचारत नाही, गाणं कसलं आहे आणि लॅपटॉप कोणता आहे ते विचारतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सुपीरियर ओढाताण करतो, आणि तो तसा ओढत चालवण्यापेक्षा ईझीड्रमर सुखाने चालवणं बरं. मेटल असेल तर आधीच घट्ट, चकचकीत केलेले आवाज हवेत, तिथे स्टीव्हन स्लेटची सॅम्पलं शोभतात. भावगीताच्या मागे ब्रशने वाजवलेला ड्रम हवा असेल तर तीच सॅम्पलं गाण्याला चिरडून टाकतात. खिशात पैसे नसतील तर एमटी पॉवर ड्रमकिट फुकट आहे, आणि त्यावर पुष्कळ शिकता येतं.

आपल्या तालवाद्यांपाशी आलं की ही पद्धत अपुरी पडते, हे मात्र स्पष्ट म्हटलं पाहिजे. बायाँवर थाप पडल्यानंतर मनगट पुढे सरकतं आणि सूर वर चढतो. म्हणजे ठोका पडून गेल्यावरही वाजवणं चालूच असतं. जोराच्या पायऱ्या कितीही वाढवल्या तरी ही मींड त्यांत मावत नाही, म्हणून आपल्याकडच्या स्टुडिओंत तबल्याचे लूप चालतात किंवा सरळ तबलजींना बोलावतात. ढोलपथकाचं दुखणं वेगळं. एका ढोलाचं सॅम्पल तीस वेळा एकावर एक लावून पथक होत नाही, फक्त एकच ढोल अवाढव्य होतो. पथकात तीस टिपरू किंचित मागेपुढे पडतात, तीस पानं वेगवेगळी ताणलेली असतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती त्यात आपली भर घालतात. तो आवाज हवा असेल तर पथकच मुद्रित करावं, तेही उघड्यावर.

ड्रमचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी काही कंपन्या ते थोडे दिवस वापरून बघू देतात. तेव्हा त्यांचे तयार ठेके बंद ठेवावेत. हाय-हॅट घ्यावी, बंद, अर्धी उघडी, पूर्ण उघडी, मग पायाने मिटलेली, असं क्रमाने वाजवून पाहावं. उघडीचा नाद पायाने मिटताच तुटला पाहिजे, आणि तुटताना चिमटल्याचा आवाज आला पाहिजे. मग स्नेअरवर अगदी हलके ठोके. मग खोलीचे माइक पूर्ण बंद करून तेच, आणि पुन्हा चालू करून तेच. शेवटी आपलंच अर्धवट गाणं उघडावं, त्यातला ठेका त्या किटवर लावावा आणि गायकाचा आवाज वर ठेवून ऐकावं. शब्द ऐकताना ड्रमकडे लक्ष गेलं नाही, आणि ड्रम बंद केल्यावर गाणं ओकंबोकं वाटलं, तर घ्यावं.