फायलींची रांग कोण लावतं?

टर्मिनलवर 'एलएस' मारलं की फायली नावाच्या क्रमाने येतात. मग सी शिकणारा स्वतःचा छोटा 'एलएस' लिहायला घेतो. 'ओपनडिर'ने फोल्डर उघडतो, 'रीडडिर'ने एकेक नाव छापतो आणि समोर सगळी सरमिसळ येते. आपलंच काहीतरी चुकलं, असं त्याला वाटतं. कोड बरोबर असतो. फोल्डरमध्ये नावं आधीच क्रमाने ठेवलेली असतात, ही समजूत तेवढी चुकीची असते.

'रीडडिर' नावं देतं ती फाइलसिस्टिमला सोयीच्या क्रमाने. लिनक्सच्या 'ईएक्सटी4'वर बहुधा नावाच्या हॅशचा क्रम मिळतो आणि त्या हॅशचं बीज प्रत्येक फाइलसिस्टिमचं वेगळं असतं. म्हणून तेच फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेलं की रांग बदलते. फॅट फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर साधारणपणे लिहिल्याचा क्रम दिसतो. 'एलएस' ही नावं आधी गोळा करतो आणि मग स्वतः लावतो. खात्री हवी असेल तर 'एलएस'ला मोठ्या लिपीतला यू हा पर्याय देऊन बघा, कच्ची रांग दिसेल.

म्हणजे आपणही गोळा करायचं. इथे दुसरा गैरसमज आडवा येतो: 'रीडडिर'ने दिलेला पॉइंटर अ‍ॅरेमध्ये ठेवला की नाव आपलं झालं. तसं होत नाही. पुढच्या हाकेला ती जागा पुसली जाऊ शकते. लिनक्सवरची सी लायब्ररी ग्लिबसी नावांचा गठ्ठा एकदम आणते, त्यामुळे लहान फोल्डरवर चाचणी बिनबोभाट पास होते. मोठ्या फोल्डरवर गठ्ठा बदलला की जुन्या पॉइंटरांखाली भलतीच नावं सापडतात. नावाची 'स्ट्रडप'ने प्रत काढा.

आता गोळा केलेली नावं लावायची. 'क्यूसॉर्टला स्ट्रसीएमपी दिलं की काम झालं' हेही खोटं. 'क्यूसॉर्ट' तुलना करणाऱ्या फंक्शनला घटकाचा पत्ता देतं. आपला घटकच पॉइंटर असल्याने हाती येतो पॉइंटरचा पॉइंटर. एक पायरी उतरणारं स्वतःचं फंक्शन लिहावंच लागतं. कास्ट करून कंपायलरचं तोंड बंद करणाऱ्यांना हे उशिरा कळतं.

आणि 'अक्षरक्रम' म्हणजे तरी कोणाचा? 'स्ट्रसीएमपी' नुसत्या बाइटची तुलना करतं. त्यामुळे इंग्रजी मोठी लिपी छोटीच्या आधी येते आणि 'बिल10' हे 'बिल2'च्या आधी. देवनागरीत गंमत वाढते. युनिकोडमध्ये ळ बसवला आहे ल आणि व यांच्या मधे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. परिणामी 'काळ' ही फाइल 'कावळा'च्या आधी येते. मराठी शब्दकोशात नेमकं उलट. आकड्यांसाठी जीएनयूचं 'व्हर्जनसॉर्ट' आहे, पण त्याला 0 ते 9 हेच अंक कळतात, देवनागरी ० ते ९ नाहीत. भाषेप्रमाणे क्रम हवा तर 'स्ट्रकोल', आणि तेही प्रोग्रामच्या सुरुवातीला 'सेटलोकेल' बोलावलं तरच. नाहीतर प्रोग्राम साध्या 'सी' लोकेलमध्येच चालतो.

फायली आकाराने किंवा तारखेने लावायच्या तर 'स्टॅट' लागतं. नुसतं नाव 'स्टॅट'ला दिलं तर ते चालू फोल्डरमध्ये शोधतं, तुम्ही उघडलेल्या फोल्डरमध्ये नाही. 'अशी फाइलच नाही' या उत्तराने हैराण झालेल्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. फोल्डरचा मार्ग पुढे जोडा किंवा 'एफस्टॅटअ‍ॅट' वापरा. 'रीडडिर'च्या नोंदीतल्या 'डी_टाइप'वर विसंबून फाइल की फोल्डर ठरवू नका. काही फाइलसिस्टिम तिथे 'माहीत नाही' एवढंच सांगतात.

एवढं सगळं नको असेल तर 'स्कॅनडिर' वाचन, निवड आणि क्रम एकाच फटक्यात करतं. 2008 पासून ते पॉझिक्स या मानकात आहे. फक्त मेमरी मोकळी करताना आधी प्रत्येक नोंद, मग अ‍ॅरे. नुसता अ‍ॅरे सोडला तर नोंदी तशाच अडकून राहतात.