अँटवर्प १९२० : कामगिरी आणि तिचे मोजमाप

१. प्रश्नाचे स्वरूप

धानाची कापणी-मळणी आटोपली म्हणजे भंडारा जिल्ह्यातील झाडीपट्टीच्या गावांत शंकरपट भरतात. दाणीवर दोन बैलजोड्या शेजारी शेजारी सुटल्या, तर त्यांतील कोणती पुढे गेली हे सांगावयास घड्याळ लागत नाही. काठावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यालाच ते दिसते. परंतु आज लाखनीच्या बाजूस धावलेली जोडी आणि महिन्यापूर्वी लाखांदूरच्या बाजूस धावलेली जोडी यांत अधिक वेगवान कोणती, असा प्रश्न उपस्थित झाला की डोळा निरुपयोगी ठरतो. दाणीची लांबी, जमिनीचा टणकपणा, सुटण्याची रीत आणि वेळ मोजण्याचे साधन ही सर्व समान असल्यावाचून त्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. पहिल्या प्रकारच्या श्रेष्ठत्वाला साक्षीदार पुरतो. दुसऱ्या प्रकारच्या श्रेष्ठत्वाला मानक लागते.

आधुनिक आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा या दुसऱ्या प्रकारावर उभ्या आहेत. १९२० मध्ये बेल्जममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताचे पथक प्रथमच उतरले. त्यापूर्वी १९०० मध्ये पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड याने दोन रौप्यपदके मिळविली होती व ती भारताच्या नावावर नोंदली जातात. परंतु तो एकट्याचा सहभाग होता. निवड करून, निधी जमवून पाठविलेले पथक असे १९२० पूर्वी नव्हते. या पथकास एकही पदक मिळाले नाही. त्यामुळे क्रीडेतिहासाच्या पुस्तकांत त्याची बोळवण बहुधा एका वाक्यात होते. तथापि ‘पदक नाही’ हा निकाल वस्तुतः दोन भिन्न गोष्टींविषयी काही सांगतो : खेळाडूची शक्ती, आणि त्या शक्तीला मोजून, सरावाने वळण लावून स्पर्धेपर्यंत पोहोचविणारी व्यवस्था. या दोहोंची गल्लत केल्यास पथकावर अन्याय होतो, एवढेच नव्हे तर त्या पराभवाची कारणेही चुकीच्या ठिकाणी शोधली जातात.

२. पथकाची घडण

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ मध्ये झाली. १९१९ च्या सुमारास जिमखान्याने भरविलेल्या मैदानी स्पर्धांच्या वेळी सर दोराबजी टाटा अध्यक्षस्थानी होते. स्पर्धकांपैकी बरेचसे शेतकरी वर्गातील होते आणि ते अनवाणी धावत. त्यांतील काहींच्या वेळा युरोप-अमेरिकेतील वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या, असे टाटांनी पुढे एका पत्रात नमूद केले आहे. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्यापुढे त्यांनी १९२० च्या ऑलिंपिकला भारतीय पथक पाठविण्याची कल्पना मांडली आणि भारताच्या सहभागास मान्यता मिळविली. टाटांची स्वतःची देणगी, सरकारी साहाय्य आणि इतर वर्गणी यांतून खर्चाची तजवीज झाली.

या तयारीच्या काळातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. शंभर मीटर धावण्यास पात्रतेसाठी किती वेळ लागावा, असे विचारले असता जिमखान्याच्या एका सभासदाने ‘एक-दोन मिनिटे’ असे उत्तर दिले, आणि हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा व त्यांच्याही अंशांचा आहे हे कळल्यावर तो थक्क झाला, असे सांगतात. ही आख्यायिका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आकडा होता. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शर्यत होती. शर्यतीत कोण पुढे आहे हे त्याला निश्चित ठाऊक असणार. ते किती वेळात, हे विचारण्याचा प्रसंग त्याच्यावर तोवर आलाच नव्हता.

निवड होऊन सहा खेळाडू निश्चित झाले. बंगालचे पूर्मा बॅनर्जी हे कमी पल्ल्याच्या शर्यतींसाठी, फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार व कैकाडी हे लांब पल्ल्यासाठी, आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे कुस्तीसाठी. चौगुले हे बेळगाव भागातील. उद्घाटनाच्या संचलनात ध्वज बॅनर्जी यांच्या हाती होता. तेवढ्या लहान पथकात मराठी मुलखाचा वाटा एवढा मोठा असावा, याचे कारण निवडीचे केंद्र पुणे हे होते. इतर प्रांतांत धावपटू वा मल्ल नव्हते असा त्याचा अर्थ घेता येत नाही. ज्या ठिकाणी मोजणारी संस्था होती, त्या ठिकाणचे खेळाडू दृष्टीस पडले.

३. मॅरेथॉनच्या निकालाचे वाचन

पथकाच्या धावपटूंपैकी सर्वांत बोलका निकाल चौगुले यांचा आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेल्या मॅरेथॉन शर्यतीत त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद अशी वेळ देऊन एकोणिसावे स्थान मिळविले. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत प्रथम आला. दातार यांना ही शर्यत पूर्ण करता आली नाही. बॅनर्जी १०० व ४०० मीटर या दोन्ही शर्यतींत प्राथमिक फेरीपलीकडे जाऊ शकले नाहीत.

चौगुले आणि विजेता यांच्यातील अंतर १८ मिनिटे ९.६ सेकंदांचे. एवढा आकडा पाहून वाचक निराश होतो. परंतु अँटवर्पची शर्यत ४२.७५० किलोमीटर लांबीची होती. ऑलिंपिकच्या इतिहासातील ही सर्वांत लांब मॅरेथॉन होय. या अंतराने भागले असता विजेत्याचा वेग दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे ३४ सेकंद, तर चौगुले यांचा सुमारे ४ मिनिटे असा येतो. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे साधारण साडेपंचवीस सेकंदांचा फरक. तोच वेग ४२.१९५ किलोमीटरच्या आजच्या अंतरास लावला, तर चौगुले यांची वेळ सुमारे २ तास ४८ मिनिटे ३२ सेकंद होते. असा हिशेब केवळ तुलनेच्या सोयीसाठी. शेवटचा अर्धा किलोमीटर पहिल्या अर्ध्या किलोमीटरसारखा धावता येत नाही, हे प्रत्येक धावपटू जाणतो. तरीही त्यावरून एवढे स्पष्ट होते की हा धावपटू शर्यतीत हरवून गेलेला नव्हता. एकाच हंगामाच्या तयारीने, परक्या हवामानात आणि परक्या रस्त्यावर उतरून त्याने विजेत्याच्या वेळेपेक्षा सुमारे बारा टक्के अधिक वेळ घेतला.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या मानकाने भारतीय खेळाडूंचे माप घेतले गेले, ते मानक युरोपातही त्या वेळी स्थिर झालेले नव्हते. १९०८ च्या लंडन स्पर्धेत मॅरेथॉनचे अंतर २६ मैल ३८५ यार्ड, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर होते. १९१२ मध्ये स्टॉकहोमला ते ४०.२ किलोमीटर झाले. १९२० मध्ये ४२.७५०. लंडनचेच अंतर अधिकृत म्हणून १९२१ मध्ये ठरले आणि १९२४ च्या पॅरिस स्पर्धेपासून ते कायम झाले. तेव्हा मोजमाप ही पाश्चात्त्यांच्या स्वभावात असलेली आणि भारतीयांच्या स्वभावात नसलेली वस्तू, असा सोपा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. मानके ही संस्था घडवितात, आणि ती घडविण्यास युरोपातही वर्षे लागली.

४. माती आणि गादी

कुस्तीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. नवले यांना मध्यम वजनगटात पुढे जाता आले नाही. शिंदे यांनी ६० किलोच्या गटात उपान्त्य फेरी गाठली. तेथे अमेरिकी मल्लाकडून पराभूत झाल्यानंतर कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या बर्नार्डकडूनही ते हरले आणि चौथे आले. भारताच्या पहिल्या पथकाचा हा सर्वोत्तम निकाल. पदक एका कुस्तीने हुकले.

मराठी मल्लाची घडण तालमीतील लाल मातीत होते. मातीतल्या कुस्तीचा निर्णय चितपटीवर लागतो; जोड बहुधा मल्लांचा लौकिक व अंगलट पाहून लावली जाते. ऑलिंपिकमधील कुस्तीत वजनाचे गट ठरलेले, वेळ बांधलेली, आणि चितपट न झाल्यास पंचांनी निर्णय द्यावयाचा. पायाखाली मातीऐवजी गादी. मातीत पाय रुतवून धरता येतो. गादीवर तो आधार निराळा, म्हणून हालचालीचा वेग आणि तोल सांभाळण्याची रीतही निराळी. डाव तेच असले तरी ते कोणत्या क्षणी टाकावेत याचे गणित बदलते. एका कुस्तीत बलवान ठरणारा मल्ल दुसऱ्या कुस्तीच्या नियमांत नवखा ठरणे यात आश्चर्य नाही.

या फरकाचा पुढचा अध्याय सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांच्या कारकिर्दीत वाचावयास मिळतो. १९४८ मध्ये लंडन येथे ते गादीवर जवळजवळ प्रथमच उतरले आणि सहावे आले. चार वर्षांत त्यांनी नियमांचा व गादीचा अभ्यास केला. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ५७ किलोच्या गटात त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेत दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम असताना जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ लढतीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले, आणि नियम दाखवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी तेथे उपस्थित नव्हता, असे त्या प्रसंगाच्या वर्णनांत येते. बत्तीस वर्षांनंतर खेळाडू मानकापर्यंत पोहोचला होता. त्याच्या पाठीशी असावयाची व्यवस्था अद्याप पोहोचली नव्हती.

५. व्यवस्थेची घडण

अँटवर्पचा परिणाम पदकतालिकेत शोधण्यापेक्षा त्यानंतरच्या सात वर्षांत शोधणे अधिक योग्य. १९२० च्या अनुभवानंतर अखिल भारतीय पातळीवर समिती स्थापन झाली, १९२४ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, वाय. एम. सी. ए. चे बक व नोहरेन यांच्या प्रयत्नाने प्रांतोप्रांती संघटना उभ्या राहिल्या. आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघ स्थापन होऊन दोराबजी टाटा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. प्रांतिक स्पर्धा झाल्याशिवाय राष्ट्रीय निवड होऊ शकत नाही, आणि समान नियमांवाचून प्रांतिक स्पर्धांना अर्थ नाही, हा धडा अँटवर्पनेच दिला.

विदर्भाने याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीस स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायाम व खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. परक्या मापात स्वतःला बसविण्याऐवजी स्वतःचे खेळ जगापुढे मांडण्याचा हा प्रयत्न होता. प्रात्यक्षिकाने कौतुक मिळते. स्पर्धेत स्थान मिळण्यास मात्र नियम लागतात. कबड्डीचा प्रवास याचे उत्तम उदाहरण. हुतुतू, चेडुगुडू अशा प्रांतोप्रांतीच्या निरनिराळ्या नावांचा, निरनिराळ्या क्रीडांगणांचा आणि निरनिराळ्या खेळाडू-संख्येचा हा खेळ एका नियमावलीत आला, १९५० मध्ये त्याची अखिल भारतीय संघटना झाली, आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत तो पदकाचा खेळ बनला. भारताने तेथे सुवर्णपदक घेतले आणि पुढे २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण राखले. २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने उपान्त्य फेरीत भारतास हरविले. मानक एकदा सर्वांचे झाले की ते घडविणाऱ्याचीही गय करीत नाही, हा त्या पराभवाचा अर्थ.

६. जिल्ह्याच्या पातळीवर

हा सर्व विचार भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यास दूरचा वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुष उमेदवारांस १६०० मीटर, महिला उमेदवारांस ८०० मीटर आणि दोघांसही १०० मीटर धावावे लागते. त्यासाठी पहाटे रस्त्याने धावणाऱ्या ग्रामीण तरुण-तरुणींना स्वतःची वेळ सांगता येते. १९२० च्या जिमखान्यातील सभासदाला जे ठाऊक नव्हते ते त्यांना ठाऊक आहे. परंतु ती वेळ कोणत्या मापाच्या रस्त्यावर, कोणी आणि कोणत्या साधनाने घेतली, हा प्रश्न कायम राहतो. शंभर मीटरच्या शर्यतीत हाताने घेतलेल्या वेळेची विद्युत-यंत्रणेने घेतलेल्या वेळेशी तुलना करताना पहिलीत ०.२४ सेकंद मिळविण्याचा संकेत आहे. अकरा सेकंदांत धावणाऱ्यास तेवढ्या अवधीत दोन मीटरांहून अधिक अंतर कापता येते. निवड चाचणीत दोन मीटर म्हणजे पुष्कळदा निवड आणि घरचा रस्ता यांतील अंतर होय.

म्हणून जिल्हा पातळीवरील क्रीडाविषयक अभ्यासास आरंभ पदकविजेत्यांच्या यादीपासून न करता नोंदींपासून करणे अधिक फलदायी ठरेल. मैदानाचे मोजलेले अंतर, वेळ घेण्याचे साधन, पृष्ठभाग, ऋतू आणि खेळाडूचे वय यांसह ठेवलेली दहा वर्षांची साधी नोंदवही कोणत्याही गौरवग्रंथापेक्षा अधिक सांगू शकेल. एखाद्या तालुक्यात धावपटू नाहीत, असे विधान अशा नोंदवहीवाचून करता येत नाही. तेथे कोणी मोजले नाही, एवढेच म्हणता येते. चौगुले यांचे एकोणिसावे स्थान शंभर वर्षांनंतरही आपण पडताळून पाहू शकतो, ते मोजलेल्या अंतरावर आणि नोंदलेल्या वेळेत धावले म्हणून. त्यांच्यापूर्वी पुण्याच्या, बेळगावच्या वा वैनगंगेकाठच्या वाटांवर जे अनवाणी धावले, त्यांच्याविषयी असे काहीच करता येत नाही.