गाणे कोणाच्या तोंडी? नंदुरबारमधील ख्रिस्ती उपासनेचा एक धागा

ख्रिस्ती उपासनेत गाणे कशासाठी, या प्रश्नाला पुस्तकी उत्तर आहे: देवाच्या स्तुतीसाठी. ते खोटे नाही, पण त्यातून फारसे काही हाती लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहिले तर दुसरे उत्तर पुढे येते. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि त्यात आदिवासी सुमारे ६९ टक्के. साक्षरता ६४ टक्के, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. शंभर वर्षांपूर्वीचे डोंगरपट्टीतले चित्र कसे असेल ते यावरून ओळखावे. या मुलखात जो प्रॉटेस्टंट पंथ आला, त्याचा पायाच असा की प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावे. वाचणारे नसतील तर असा पंथ टिकावा कसा? माझे म्हणणे असे की तो गाण्यावर टिकला. ग्रंथाचे काम गाण्याने केले. म्हणून गाणे कोणत्या भाषेत आणि कोणाच्या तोंडी, यावर उपासना कोणाची हे ठरत गेले.

जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. ब्रिटिश काळात हा पश्चिम खानदेशाचा भाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात येथे काम करणाऱ्या मिशनऱ्यांत स्वीडिश अलायन्स मिशनचे आणि फ्रेडरिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये शिकागोत स्थापन केलेल्या स्कॅन्डिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक प्रमुख होते. नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय हे त्याच परंपरेतले. ही माणसे कोठून आली हे पाहण्यासारखे आहे. स्वीडनमध्ये १७२६ च्या कायद्याने पाळकाशिवाय घरोघरी प्रार्थनेला जमण्यास बंदी होती. ती उठली १८५८ मध्ये. बंदी असतानाही शेतकरी आणि कारागीर स्वयंपाकघरांत जमत, वाचत आणि गात. स्मोलांड प्रांतात जन्मलेल्या लिना सांडेल यांची गीते ऑस्कर आन्फेल्ट गिटारवर गात गावोगाव फिरले, आणि देवळाबाहेरच्या या भक्तीला तिचे गाणे मिळाले. स्वीडिश अलायन्स मिशनचे केंद्र असलेले यन्शपिंग याच स्मोलांडातले. तेव्हा खानदेशात आलेल्या या लोकांना दोन गोष्टी घरूनच ठाऊक होत्या: उपासनेला दगडी चर्च लागत नाही आणि पाळक नसला तरी गाणे चालते. साग-बांबूच्या भिंतींच्या, कुडाच्या घरांतून मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यामागे हा अनुभव नव्हता असे म्हणणे कठीण आहे.

पण त्यांनी सोबत आणलेले मराठी गाणे मात्र दुसऱ्याच अंगणातले होते. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग आणि पदे लिहून मराठी चर्चला स्वतःचा आवाज दिला; ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा वाटा सर्वांत ठळक आहे. त्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापले गेले. या सगळ्याचा गौरव ‘देशीकरण’ म्हणून होतो आणि तो योग्यच आहे. फक्त प्रश्न असा की देश कोणता? तुकारामांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या टिळकांचा अभंग नगर-नाशिकच्या माणसाला आजीच्या आवाजासारखा वाटे. नवापूरच्या मावची किंवा धडगावच्या पावरा आदिवासी माणसाला तो तेवढाच शिकून घ्यावा लागे, जेवढे स्वीडिश सुरावरचे गीत. पंढरी त्याच्या भूगोलात नव्हती. ‘परदेशी चाल की देशी चाल’ हा मराठी ख्रिस्ती लेखनातला आवडता वाद सातपुड्याच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत अर्धा निकामी होतो, तो यामुळे.

इकडे या मुलखाचा स्वतःचा सूर होताच. होळीच्या दिवसांत ढोलावर रंगणारी रोडाली, मार्गशीर्षातले डोंगऱ्यादेवाचे व्रत आणि त्यातले गायन, कोकणा आदिवासींमध्ये काशाच्या थाळीवर मेणाने काडी चिकटवून तिच्यावरून बोटे ओढत रात्रभर सांगितली जाणारी कथा. लिहिलेले काही नाही, पण काय आधी आणि काय नंतर याचा नेम पक्का. धर्मात बदल घडवू पाहणाऱ्या येथल्या माणसांनीही गाण्याचाच आधार घेतला. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुला महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्लांना दारू सोडा, स्वच्छ राहा असे सांगितले, तेव्हा त्यांच्या चळवळीचे केंद्र होते दर आठवड्याची सामूहिक आरती. १९३८ मध्ये ते वारल्यावर भाऊ रामदास महाराजांनी ती चालू ठेवली. पुढे शहाद्याच्या भूमिहीनांचा लढा उभा राहिला, त्याच्या आरंभी असलेले अंबरसिंग महाराज हेही भजन गाणारे. या दोन्ही चळवळी ख्रिस्ती नव्हत्या. म्हणूनच त्यांची साक्ष मला महत्त्वाची वाटते. येथे माणसे आधी एका सुरात जमतात, मग एका विचारात. ख्रिस्ती मंडळी त्याच रस्त्याने गेली.

यावर जुना आक्षेप असा की गाण्याने भावना तापतात, समज वाढत नाही. तो बाहेरच्यांचा नाही, ख्रिस्ती परंपरेतलाच आहे. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात कबूल केले आहे की शब्दांपेक्षा स्वराने हलल्यावर त्याला अपराधी वाटे; तरी अखेर त्याने गायनाच्या बाजूनेच कौल दिला. झ्युरिकचा सुधारक झ्विंग्ली स्वतः कसलेला वादक, पण त्याने सार्वजनिक उपासनेतून गाणे काढून टाकले. जिनिव्हात कॅल्विनने मधली वाट काढली: स्तोत्रे छंदोबद्ध करून सर्वांनी एकस्वरात म्हणायची. त्या परंपरेचे संपूर्ण स्तोत्रपुस्तक १५६२ मध्ये निघाले. आक्षेपात तथ्य आहे. गाणे गुंतागुंतीचा युक्तिवाद पेलत नाही आणि सोपे करता करता चुकीचेही शिकवते. पण त्याला पर्याय म्हणून जे प्रवचन सुचवले जाते, ते प्रमाण मराठीतले असेल तर डोंगरातल्या म्हातारीपर्यंत त्यातले किती पोहोचते? ते ऐकणाऱ्याच्या हाती नसते, गाणे असते. प्रवचनाला अधिकार लागतो, पाळकपद लागते आणि ते बहुधा पुरुषाकडे जाते. पद उचलायला गळा आणि आठवण पुरते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो आदिवासी कार्यकर्त्यांकडून येतो: ख्रिस्ती गाणे आले तेथे जुने गाणे गेले. हे मी खोडून काढणार नाही. व्रताचे गाणे व्रतापासून सोडवता येत नाही. डोंगऱ्यादेव न मानणारा त्या रात्री बसणार नाही, आणि जे बसून ऐकले नाही ते पुढच्या पिढीला देता येत नाही. अनेक पाळकांनी ढोलालाही मोहाच्या दारूइतकेच त्याज्य ठरवले, हा माझ्या मते करंटेपणा होता. ढोल कोणत्याही देवाचा नोकर नसतो. रोमन कॅथलिक चर्चने निदान कागदावर हे मान्य केले: दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्थानिक लोकांच्या संगीतपरंपरेला उपासनेत योग्य स्थान द्यावे असे म्हटले आहे. मात्र आक्षेपाची दुसरी बाजूही पाहावी. मावची ही शाळेत, कचेरीत, छापील वर्तमानपत्रात जागा नसलेली बोली. तिच्यात नव्याने गाणे रचून माणसे जमावाने म्हणतात असे प्रसंग किती उरले? ख्रिस्ती उपासना हा त्यांपैकी एक आहे. मावची ख्रिस्ती गाणी आता मोबाईलवर फिरतात, आणि धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून वगळण्याच्या मागणीने वातावरण तापलेले असताना, आपल्या बोलीत प्रार्थना म्हणणारा माणूस आपण कोण हेही सांगत असतो.

म्हणून मला धोका दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. कीबोर्ड, माईक, मोठे स्पीकर आणि शहरातून आलेली हिंदी ‘वर्शिप’ गाणी यांमुळे गाणारे चार-पाच जण व्यासपीठावर आणि बाकीचे टाळ्या वाजवणारे, अशी विभागणी होऊ लागते. लाओदिकीयाच्या चौथ्या शतकातील परिषदेने नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी चर्चमध्ये गाऊ नये असा नियम केला होता. तो ठराव करून झाला, हा स्पीकर लावून होतो. यावर वाद्ये जाळण्याचा इलाज कोणी सांगू नये. जिल्ह्यातल्या मंडळ्यांनी मावची, पावरी, देहवाली या बोलींतली गाणी देवनागरीत उतरवून, रचणाऱ्याच्या नावासह आणि चालीच्या नोंदीसह छापावीत. टिळकांची पदे शंभर वर्षे टिकली त्यात प्रतिभेइतकाच वाटा छापील पुस्तकाचा आहे. मावची पद रचणाऱ्या बाईचे नाव मात्र आज त्या गाण्याच्या व्हिडिओखालीही बहुधा नसते.