पूरक आहाराआधी चारा

रायपूर हा भाताचा मुलूख. इथे ससे पाळणाऱ्याच्या हाताशी भाताचा कोंडा सहज असतो. पण त्यात स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी, शिवाय उन्हाळ्यात तो लवकर खवट होतो. त्यामुळे वाढत्या पिल्लांना खनिज मिश्रण देणे रास्तच आहे. मात्र आईचे दूध साधारण चार-पाच आठवड्यांनी तुटते, तेव्हा पिल्लांचा जीव जातो तो बहुधा हगवणीने. सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू तंतुमय चाऱ्यावर जगतात. खुराकात स्टार्च वाढून तंतू कमी झाले, की त्यांचा समतोल बिघडतो. म्हणून गवत आणि शेवग्याचा पाला आधी, पूरक आहाराची पावडर नंतर.

पावडरीने वजन लवकर वाढते, असे काही जण सांगतील. पण अशा पावडरीतल्या प्रोबायोटिकचा, म्हणजे उपयुक्त जिवाणूंचा, फायदा काही प्रयोगांत दिसला, काहींत नाही. उपाशी, तहानलेल्या पिल्लाला तर त्याचा उपयोग नाहीच. मे महिन्यात रायपूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि तिशीच्या पुढेच ससा खाणे कमी करतो. सावली आणि गार पाणी हाच तेव्हाचा पहिला खुराक. वाढीसाठी अँटिबायोटिक तर देऊच नये: युरोपीय संघाने 2006पासून त्यावर बंदी घातली आहे आणि तोंडावाटे दिलेले अँपिसिलिन सशाच्या जिवावर बेतते. पूरक आहार जरूर द्या, पण पशुवैद्यकाला विचारून आणि चाऱ्याची घडी बसल्यावरच.